गाडी भरली

कंडक्टरबाईंनी उभ्या नोकरीत एकाही माणसाला थांब्यावर सोडून घंटी मारली नाही. "पुढे सरका, पुढे रिकामंच आहे," म्हणत दारात लोंबणाऱ्यालाही त्या आत घ्यायच्या. असल्या बाईने निवृत्त झाल्यावर गप्प घरी बसावं? छे! त्यांनी कालवं, म्हणजे खाडीतले शिंपले, पाळण्याच्या प्रशिक्षणात नाव घातलं.

घरात हसून हसून पुरेवाट झाली. कालव त्यांनी आजवर फक्त ताटात पाहिलेलं. नवरा शिंपी, मशीनवरची मान वर न करता म्हणाला, चार दिवसांचं खूळ आहे. ते बाईंना फार लागलं.

प्रशिक्षण केंद्राचा नियम सरळ होता. शिकाऊ माणसाला एक जाळीची पिशवी आणि थोडं बी, म्हणजे नखाएवढी कालवं, मिळायची. ती नीट वाढवली तर खाडीतला एक पट्टा, पिशव्या ठेवायच्या मांडण्या आणि वर्षभराचं बी; नाहीतर रामराम. बाईंना तो पट्टा हवाच होता. नाहीतर उरलेला जन्म मशीनची खडखड ऐकण्यात जाणार, हे त्यांना लख्ख दिसत होतं.

शिकल्या मात्र जीव लावून. ओहोटीला चिखल तुडवत जायचं, शेवाळ घासायचं, पिशवी उलटवून हलवायची. हलवण्यात तर त्यांचा हात कुणी धरला नसता, सगळी हयात खड्ड्यांच्या रस्त्यावर गेलेली! पण पिशवी अर्धीही भरू नका, असं शिकवणाऱ्या मॅडम बजावत होत्या तेव्हा बाईंचं लक्ष टोपलीत उरलेल्या कालवांवर होतं. बिचारी ती मागे राहणार? मॅडमची पाठ फिरताच बाईंनी सगळी आत कोंबली.

पुढे तपासणीला पिशवी उघडली, तर कितीतरी मेलेली, उरलेली वाकडीतिकडी, एकमेकांना चिकटलेली. दाटीत पाणी खेळलं नाही, पाण्यातून येणारं खाणं कुणालाच पोटभर मिळालं नाही, असं मॅडमनी समजावलं. जगलेली वेगळी करा, पुढच्या तपासणीला बघू, म्हणाल्या. पण वेगळी करायची कशात? केंद्रातल्या पिशव्या संपल्या होत्या.

बाई घरी आल्या त्या तोंड एवढंसं करून. न जेवता त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं आणि आता हसणार म्हणून वाट पाहत बसल्या. तो हसला नाही. मशीनवरचं गिऱ्हाइकाचं कापड बाजूला सारून म्हणाला, "जाळी आणून दे. शिवतो."

सुटसुटीत पिशव्यांत कालवं काय तरारली म्हणता! मॅडमनी एकेक हातात घेऊन पाहिलं आणि पट्टा बाईंच्या हवाली केला. बाई चिखलातच नाचल्या. लाज कसली त्यात?

नवं बी आलं त्या दिवशी नवराही पँट दुमडून पाण्यात उतरला. मांडणीवरच्या पिशव्यांत बेताचं बी घालून झालं, तरी टोपलीत दोन मुठी उरलीच. त्याने ती उचलली, म्हणाला, "एवढीशी तर आहेत. घे की आत."

बाईंचा हात पिशवीच्या तोंडाशी गेला. जुनी सवय, जीव तुटत होता. मग त्यांनी तोंड आवळून गाठ मारली.

"गाडी भरली," त्या म्हणाल्या. "मागून दुसरी येतेय."

नवऱ्याने घरून शिवून आणलेली नवी पिशवी खांद्यावरून काढून त्यांच्या हातात दिली.