कापसाले दोरा येते

“कापूस हाय म्हनता? मंग चिमटीत धरून वढून पाहा ना, प्रबोधभाऊ. कापसाले दोरा येते. याले येते का?”

प्रबोधनं ओढलं. दोरा आला नाही. पांढरं ते बोटांवर मेणासारखं फासलं गेलं आणि दिसेनासं झालं. तो पुण्याचा, या काचघरातली थंडीची यंत्रं सांभाळणारा. त्यानं हात पँटीला पुसला.

“डेकोरेशनवाल्यांचा राहिला असेल हो. ख्रिसमसला बर्फ म्हणून चिकटवला होता ना.”

“तो जानेवारीत मीनं सोताच्या हातानं येचला. आता मार्च लागला. बोंडं फुटून रायले का या झाडाले?”

उर्मिला अकोटाकडची. लहानपणी आधी ओटीभर कापूस वेचायचा आणि मगच दप्तर उचलायचं, असं घर. पुढं किड्यांचं शिक्षण घेतलं, सिंगापूरला विद्यापीठात संशोधनाला आली आणि विद्यापीठाच्या वतीनं या खासगी काचघरातली झाडं तपासू लागली. बाहेर अंगाला चिकटणारी गरमी. आत चौदा डिग्री, आणि थंड मुलखातून कुंड्यांसकट आणलेले बावीस स्प्रूस, म्हणजे ख्रिसमसला सजवतात ती सुईसारख्या पानांची झाडं.

दोन हजार चौदाच्या नोव्हेंबरात झाडं उतरली तेव्हा सजावटवाल्यांना घाई झाली होती. तिच्या तपासणीआधीच त्यांनी फांद्यांवर कापूस पसरला. कळ्यांच्या बुडाशी पांढरं दिसलं, ते तिनं कापसातच धरलं. कापसाच्या घरची पोरगी, अन् हात लावून पाहिलं नाही. कीडमुक्त, असं लिहून खाली सही ठोकली.

आता सातव्या झाडाच्या कोवळ्या शेंड्यांना गाठी धरल्या होत्या. बोटाच्या पेराएवढ्या, खवल्याखवल्यांच्या, लहान अननसासारख्या. त्यातली एक परवा तिनं डहाळीसकट कापली, बाटलीत घालून झाकण घट्ट लावलं आणि बाहेरच्या खोलीत टेबलावर ठेवली. आज सकाळी येऊन बघते तर गाठ वाळलेली, प्रत्येक खवल्याखाली एक बारीक तोंड उघडलेलं. तिळाहून लहान पंखवाले किडे बाटलीच्या एकाच बाजूला बसले होते. उजेडाची खिडकी मागं होती. हे बसले होते काचघराच्या दाराकडे तोंड करून.

तिनं बाटली फिरवली आणि चहा घेऊन आली. तेवढ्यात सगळे पुन्हा दाराच्या बाजूला.

“नर किती आहेत त्यात?” प्रबोधनं उगाच विचारलं.

“एकबी नाई. सगळ्या बाया. माय कळीच्या बुडाशी सोंड खुपसून बसते, अंगावर हे पांढरं वढते. मंग झाडच आपले पानं फुगवून तिच्या लेकराईले खोल्या बांधून देते. येळ झाली का दारंबी तेच उघडते.”

“बास करा, ताई. जेवायचंय मला.” मग तो आवाज उतरवून म्हणाला, “ऐका. हे सातवं गुपचूप बाहेर काढू. बाकीची बरी दिसतात. मे महिन्यात तुमचा इथं काम करायचा पास रिन्यू व्हायचाय, आणि त्या कागदावर सही तुमची आहे. काचघराच्या साहेबांना काय सांगणार?”

उर्मिला पुढच्या झाडाकडं वळली. आठव्या झाडाची फांदी वाकवून तिनं कळी पाहिली. पांढरं. नववं पाहिलं. दहावं. जानेवारीत ज्या कळ्या तिनं बोटांनी साफ केल्या होत्या, त्याच कळ्यांवर.

तेवढ्यात कॉम्प्रेसर थांबला. काचघर एकदम मुकं झालं. आणि सातव्या झाडातून तडतड ऐकू आली, दाढेखाली सरकी फुटावी तशी. एक. थांबून दुसरी. मग पलीकडं, बाराव्या-तेराव्यातून.

प्रबोध दाराकडं सरकला. “काय आहे ते?”

“दारं उघडून रायले.”

तिनं तिथंच फोन काढला. साहेबांना लिहिलं, नोव्हेंबरची तपासणी माझी, ती चुकली, बावीसही झाडं पिशव्यांत बंद करून जाळायला हवीत.

“पाठवण्याआधी विचार तरी करा, ताई.”

“इचार नोव्हेंबरात कराचा होता.”

तिनं पाठवून दिलं. पासाचं काय होईल ते मे महिन्यात कळणार होतं.  कॉम्प्रेसर घरघरत सुरू झाला, तडतड त्याखाली दबली.

“दाराच्या फटीले टेप लावा आन मोठ्या पिशव्या आना,” ती म्हणाली. “आन बाहेर जाताना कपडे झटकजा.”

मग ओढणी कमरेला खोचून तिनं भिंग घेतलं आणि पहिल्या झाडापासून सुरुवात केली. प्रत्येक पांढरा ठिपका चिमटीत धरून ती ओढून पाहत होती.