निवट्या, गुडघे आणि आमच्या वन्सं

संशोधन करता येणार नाही अशी एकही गोष्ट परमेश्वराने निर्माण केलेली नाही, यावर आमच्या वन्संचा जितका विश्वास होता तितका खुद्द परमेश्वरावरही नव्हता. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मी लग्न होऊन ठाण्याला आले ती ऐंशीच्या दशकात, आणि तोवर शहरात नणंदेला ताई म्हणायची पद्धत रुळली होती. पण सांगलीकडच्या खेड्यातून मला पाठवताना आईने ‘वन्सं म्हणायचं, मान द्यायचा आणि चार हात लांब राहायचं’ एवढी शिदोरी बांधून दिली होती. त्यातल्या पहिल्या दोन गोष्टी मी पाळल्या. तिसरी जमली नाही, कारण लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी न्हाणीघरात शिरले तर बादलीतून काहीतरी टुणकन उडालं आणि माझ्या पावलावर येऊन बसलं. माझी किंकाळी ऐकून वन्सं धावत आल्या आणि काकुळतीने म्हणाल्या, “लागलं का गं तुला?” मी “नाही” म्हणाले. प्रश्न मला नव्हताच. त्यांनी त्या प्राण्याला अलगद ओंजळीत घेतलं, बादलीत सोडलं आणि मला आंघोळ उरकायला सांगून निघून गेल्या.

तो प्राणी म्हणजे निवटी. खाडीच्या चिखलात राहणारा बोटभर मासा, पण ओहोटीला पाणी हटलं की पुढच्या परांवर रेलून चक्क चालतो, उड्या मारतो आणि डोक्यावरचे दोन टपोरे डोळे फिरवत इकडेतिकडे बघतो. वन्सं कल्याणच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या आणि निवट्या थंडीच्या दिवसांत कशा वागतात यावर त्यांची पीएच.डी. चालली होती. सलग तीन हिवाळे रोज ओहोटीच्या वेळी खाडीवर जाऊन बघायचं, असं त्या कामाचं स्वरूप होतं. आमचं घर कोलशेत रोडला, त्यामुळे खाडी हाकेच्या अंतरावर. कॉलेजातली मुलं ज्यांना चळाचळा कापत त्या मॅडमना सासूबाई घरात ‘बेबी’ म्हणत, आणि ही चाळिशीची बेबी गुडघाभर चिखलाने माखून घरी आली की तिला मागच्या दाराने आत घेत.

बरं, एका निवटीवर भागवतील तर त्या वन्सं कसल्या! कुठल्याही प्रयोगात निम्मा भाग तसाच सोडायचा, म्हणजे फरक कळतो, हे तत्त्व त्यांनी प्रयोगशाळेतून उचलून थेट आमच्या संसारात आणलं होतं. लिंबाच्या लोणच्याची एक बरणी उन्हात आणि एक सावलीत. ह्यांच्या एका बुटाला पॉलिश आणि दुसऱ्याला नाही. सासूबाईंचे गुडघे दुखायला लागले तेव्हा कुणीतरी औषधी तेल आणून दिलं, तर वन्संनी ते फक्त डाव्या गुडघ्याला लावायची परवानगी दिली. “अगं बेबी, मग उजव्यानं काय पाप केलंय?” सासूबाई कळवळून विचारायच्या. “उजव्यामुळेच डाव्याचं कळणार आहे, आई,” असं म्हणून वन्सं तेलाची बाटली कपाटात ठेवून कुलूप लावायच्या. पुढे कळलं की दुपारी सगळी निजली की सासूबाई देवघरातलं खोबरेल उजव्या गुडघ्याला चोळतात. त्या दिवशी वन्सं जेवल्या नाहीत. तेलाचं त्यांना दुःख नव्हतं. निरीक्षण खोटं पडलं याचं होतं.

खोट्याचा त्यांना विलक्षण तिटकारा. मध्ये एकदा त्यांनी माणसाच्या काळजीचा अभ्यास हाती घेतला होता. कुठल्या गोष्टीची काळजी माणसाला किती आजारी पाडते, हे त्यांना मोजायचं होतं. त्यासाठी जो भेटेल त्याला त्या विचारत, “शून्य ते दहात सांगा, किती?” पोस्टमन, रद्दीवाला, सत्यनारायणाला आलेले गुरुजी, कुणीही सुटलं नाही. कल्याणच्या वाटेवरच्या दिवा गावात पाण्याची बोंब असायची, म्हणून नळाच्या रांगेतल्या बायकांना हा प्रश्न विचारायला त्या मला घेऊन गेल्या. एका बाईने कंबरेवर रिकामा हंडा सावरत सांगितलं, “ताई, आधी हंडा भरू दे. आत्ता काय माझी काळजी तुमच्या दहात मावनार नाय.” वन्संना हे उत्तर फार आवडलं. पण त्यांच्या हाताखालच्या एका मुलीने रांगेत उभं राहायचा कंटाळा येऊन काही उत्तरं घरी बसूनच भरली होती. हे कळताच वन्संनी तो सगळा गठ्ठा बंबात घातला आणि पुन्हा पहिल्यापासून दिव्याला जाऊ लागल्या. “जे आपण बघितलं नाही ते लिहायचं नाही,” एवढंच त्या मुलीला म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर ती बिचारी कमी रडली असती.

मग यंत्राचं खूळ आलं. निवटी दोन परांवर चिखलात चालते, मग यंत्र का चालू नये? मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीत त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचं वर्कशॉप होतं. तिथे त्यांनी पत्र्याची निवटी बनवली आणि तिला माझ्या रुखवतातल्या शिवणयंत्राची मोटर बसवली. मला अर्थातच विचारलं, पण मोटर काढून झाल्यावर. कॉलेजच्या प्रदर्शनात पाटभर चिखल पसरून यंत्र सोडलं तर ते घरघर करत मागे मागे जाऊ लागलं. शिपायाने हळूच सुचवलं, “मॅडम, दोरा बांधून मी पुढून ओढतो, कुनाला समजनार पन नाय.” वन्संनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो दोन दिवस रजेवर गेला. प्रमुख पाहुण्यांनी मोठ्या कौतुकाने विचारलं, “वा! म्हणजे हे मागेही जातं का?” वन्सं म्हणाल्या, “मागेच जातं.” बक्षीस शेजारच्या ज्वालामुखीला मिळालं.

भाषा शिकवण्याचीही त्यांची एक उपपत्ती होती. धडे गिरवून भाषा येत नाही, भांडता आलं की आली, असं त्यांचं ठाम मत. शेजारी इस्पितळात काम करणाऱ्या केरळच्या एक सिस्टर राहायला आल्या तेव्हा वन्संनी त्यांना मराठी शिकवायचं अंगावर घेतलं. पुस्तक नाही, पाटी नाही. रोज संध्याकाळी भाजीवाल्याशी, दूधवाल्याशी, रिक्षावाल्याशी काहीतरी कुरापत काढायला त्यांना पाठवायचं आणि स्वतः आडोशाला उभं राहून ऐकायचं. सिस्टर स्वभावाने गाय. महिना दीड महिना त्या फक्त “चालेल, चालेल” म्हणत महाग भाजी घेऊन परत येत. आणि एका रविवारी आमच्या दारावर थाप पडली. “तुमचा मच्छी पूर्ण जिन्यात वास मारतो! मी सोसायटीला सांगणार! मी सोडणार नाय तुमाला!” दारात सिस्टर उभ्या होत्या. वन्सं आनंदाने वेड्या झाल्या. “आली! भाषा आली!” म्हणत त्यांनी सिस्टरना मिठी मारली, साखर हातावर ठेवली आणि निवट्यांची बादली गच्चीवर नेली.

तर अशा या बाई. लोक हसायचे, मीही हसायची. आणि मग एका थंडीत माझं हसणं थांबलं. माझी मुलगी झाली तेव्हाची गोष्ट. माहेरची बाळंतपणाची हौसमौज संपवून मी तान्हीला घेऊन ठाण्याला आले, आणि आल्यापासून मला काहीच वाटेनासं झालं. पोर रडायची आणि मी भिंतीकडे बघत पडून राहायची. आपण नसतो तर तिला बरी आई मिळाली असती, असं मनात यायचं आणि त्याची भीतीही वाटायची नाही. सगळे म्हणायचे, ओली बाळंतीण आहे, होतं असं. सासूबाईंनी डिंकाचे लाडू केले, दृष्ट काढली. हे बिचारे घाबरून दुकानातून फुगे आणायचे. मनाच्या डॉक्टरचं नाव कुणी काढणार नव्हतं. आम्ही ठाण्याचे. आमच्या गावाचं नाव घेतलं की महाराष्ट्रात कुठेही लोक वेड्यांच्या इस्पितळावरून थट्टा करतात. माझ्या लग्नातसुद्धा ‘ठाण्याला दिली होय? जाताना सरळ घरी जा हो’ असं चुलत्यांनी म्हटलंच होतं. त्या थट्टेतली सून आपल्याच घरात निघावी, हे कोण कबूल करणार?

एका दुपारी वन्सं माझ्या उशाशी बसल्या आणि त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, शून्य ते दहा, किती? मी म्हटलं, “शून्य.” “कशाचं?” “सगळ्याचंच.” त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि मला आतून त्यांचा खणखणीत आवाज ऐकू आला. “आई, मला हिवाळाभर ही हवी आहे. संशोधनाला.”

“अगं, शुद्धीवर आहेस का? ओली बाळंतीण ती, बाहेरचं वारं लागायचं नाही तिला!”

“बाळंतिणींवरच आहे संशोधन. वरून सांगून आलंय, नाही म्हणता येत नाही.”

वरून म्हणजे कुठून, हे सासूबाईंनी विचारलं नाही. संशोधन म्हटलं की त्या घरात आपलं काही चालत नाही, हे त्या उजव्या गुडघ्यापासून शिकल्या होत्या. पोरीला मांडीवर घेत एवढंच म्हणाल्या, “दिवेलागणीच्या आत आणून सोड.”

दुसऱ्या दिवसापासून वन्सं मला कल्याणला नेऊ लागल्या. कॉलेजच्या मागच्या गल्लीत एक डॉक्टरीणबाई बसायच्या, मनाच्याच. तिथे ठाण्याचं ओळखीचं कुणी भेटायचा धोका नव्हता. वन्सं बाहेर बाकावर बसून राहायच्या. सुरुवातीला मी आत जाऊन नुसती रडायची, पुढे बोलायला लागले, गोळ्याही घेतल्या. परतताना आम्ही कोलशेतला खाडीच्या बांधावर थोडा वेळ टेकायचो. वन्सं काहीही विचारायच्या नाहीत. हातात लिमलेटची गोळी द्यायच्या आणि समोर बघत बसायच्या. तिथली एक कोळीण जाळं आवरताना त्यांना सारखी हटकायची, “काय गो बाय, भरतीला येतंस हल्ली? चिखल सगला पान्याखाली, निवट्या बिलात. आता तुला काय गावनार?” वन्सं म्हणायच्या, “आज हिला खाडी दाखवायला आणलंय.” दर वेळी तेच उत्तर. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. भरती-ओहोटीचा हिशोब करण्याइतकं माझं डोकं तेव्हा जागेवर नव्हतं.

थंडी सरता सरता एके दिवशी आम्ही घरी येत होतो आणि जिन्यातच पोरीचं रडणं कानावर आलं. मी धावत सुटले. चपला न काढता आत घुसले, सासूबाईंच्या हातातून तिला ओढून घेतली आणि छातीशी धरली. तिच्या टाळूला तेलाचा वास येत होता. तो वास मला त्या दिवशी पहिल्यांदा आला. सासूबाई चपलांवरून ओरडत होत्या. वन्सं दारातच भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि पदराने चष्मा पुसत होत्या.

त्यानंतर वर्षभराने वन्संचा प्रबंध परत आला. “अपुरा पडला,” एवढंच त्यांनी घरात सांगितलं, आणि त्या भांडी घासायच्या पावडरींवर काहीतरी शोधू लागल्या. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. नावामागे डॉक्टर न लागताच नव्वदीच्या दशकाअखेर त्या निवृत्त झाल्या. निरोपसमारंभाला आम्ही सगळे कल्याणला गेलो होतो. वेफर्सची बशी हातात घेऊन त्यांच्या विभागातले एक सर माझ्याशी बोलत उभे होते. म्हणाले, “वाईट वाटतं हो. एका हिवाळ्याची निरीक्षणं नव्हती, तेवढ्यावर राहिलं. शेवटचाच हिवाळा, आणि पुढे मुदतही उरली नव्हती. गाईडने सांगितलं होतं, अंदाजाने भरून टाका, खाडीवर कोण बघायला येतंय? सगळेच करतात. मॅडम म्हणाल्या, मी ओहोटीला तिथे नव्हते, तर काय लिहू? कुठे होतात, तर तेही सांगेनात.”

कुठे होत्या ते मला ठाऊक होतं. डॉक्टरीणबाईंच्या दाराबाहेरच्या बाकावर होत्या. जन्मात खोटं न बोललेली ही बाई माझ्यासाठी आपल्या आईशी धडधडीत खोटं बोलली होती, आणि तसंच खोटं प्रबंधात चार ओळींत लिहून डॉक्टर व्हायची वेळ आली तेव्हा मात्र तिचा हात चालला नव्हता.

घरी आल्यावर वन्सं सत्काराची शाल घडी करून ठेवत होत्या. मी म्हटलं, “वन्सं, तो हिवाळा तुम्ही माझ्यापायी घालवलात. मला एका शब्दाने बोलला नाहीत.”

त्यांना कुणी बिंग फोडलं असेल याचा अंदाज आला असावा, कारण आधी त्या सरांच्या नावाने काहीतरी पुटपुटल्या. मग अगदी वर्गात उत्तर द्यावं तशा म्हणाल्या, “निवट्यांना पुढचा हिवाळा होता. तुला असेल का, ते मला सांगता येत नव्हतं.”

आपल्यात घरच्या माणसाचे आभार मानायची रीत नाही, आणि मानले असते तर त्यांनी नक्कीच कारणं विचारली असती. मी पदर सावरला आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार केला. नेहमीसारखा घाईचा नाही. बराच वेळ उठलेच नाही मी.

वन्सं दचकून दोन पावलं मागे सरकल्या. “अगं, हे काय? आज आहे काय?”

“काही नाही,” मी म्हटलं. “सहज.”

सहज या उत्तराने त्यांचं कधीच समाधान होत नसे. त्या चष्मा लावून भिंतीवरच्या कॅलेंडरजवळ गेल्या आणि आज कोणता सण आहे ते शोधत कितीतरी वेळ तिथे उभ्या राहिल्या.