कान फाटलेला नर

लेकीनं तरसांच्या मागं आफ्रिकेत जायचं ठरवलं तेव्हा मी सरळ सांगितलं, "अगं, तरसात काय बघायचंय? घाणेरडं जनावर. मढी उकरून खातं."

ग्लासगोत बाकीच्यांच्या मुली डॉक्टर होत होत्या. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण तरस मला कुणी शिकवायला नको होतं. आमच्या गावच्या माळावर ते एकटंच फिरायचं, अंगावर पट्टे, मान खाली. पोरं दगड मारायची. मीही मारलेत.

"बाबा, ते वेगळं. माझ्या तरसांना स्पॉट्स आहेत."

"ठिपके असोत नाहीतर पट्टे, तरस ते तरस."

आमची ही नुकतीच वॉर्डातून आली होती. मॅटर्निटीत मिडवाइफ होती ती. टबात गरम पाणी घेऊन पाय बुडवून बसली होती. म्हणाली, "जाऊ दे तिला. तुम्हाला थोडंच जायचंय?"

विषय संपला. आमच्या घरात शेवटचा शब्द तिचा. या देशात नोकरी तिला लागली, मी तिच्या मागनं आलो. गावात म्हणायचे, बायकोचा पदर धरून विलायतेला गेला. गेलो होतो खराच. बिस्किटांच्या कारखान्यात भट्टीवर काम मिळेपर्यंत मी घरात भात लावायचो, तिचे वॉर्डातले बूट पुसायचो आणि ती आली की आधी तिला वाढायचो. दिवसभर उभं राहिलेलं माणूस आधी जेवतं. यात हसण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

नव्वद साल उलटल्यावर लेक सुट्टीला आली ती स्लाइड्सचा डबा घेऊन. रविवारची दुपार होती. पडदे ओढले, भिंतीवर चादर लावली, आणि त्या चादरीवर माझी अक्कल निघाली.

ही तरसं मढी उकरत बसत नव्हती. रानबैलासारख्या जनावरामागं लांबच लांब पळत होती. वेग कमी, पण दम असा की पुढचं जनावर आधी थकावं. मारलं की हाडं, कातडं, सगळं फस्त. त्यांची घाण वाळली की खडूसारखी पांढरी होते म्हणे, हाडांमुळं. आणि कितीदा तरी सिंहच येऊन त्यांची शिकार हिसकावतो.

"म्हणजे चोर सिंह?" मी विचारलं.

"बऱ्याच वेळा, बाबा."

"आणि नाव ह्यांचं खराब. वा रे न्याय!"

कळपात राज्य मादीचं. ती नरापेक्षा थोराड. मोठ्या मादीचं पिल्लू आलं की चांगला वाढलेला नरसुद्धा बाजूला सरतो. आईची जागा लेकीला मिळते. मी हिच्याकडं बघितलं. ही चादरीकडं बघत होती.

तिचे प्रश्न सगळे बाळंतपणाचे. लेक अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत सांगत होती. मादीचं अंग बाहेरून नरासारखंच दिसतं आणि पिल्लू त्याच अरुंद नळीतून बाहेर येतं. पहिलटकरणीला वाट फाटते. कितीतरी पिल्लं आतच गुदमरतात, कधी आईपण जाते.

"अहो, ऐकलंत?"

"चहा पितोय मी. काय हे!"

"मग खाली ठेवा कप." पुन्हा लेकीकडं वळली. "आणि जगलेलं?"

"उघडे डोळे घेऊन येतं, आई. दातसुद्धा असतात. मग वर्षभर, कधी त्याहून जास्त, आई दूध पाजते."

ही म्हणाली, "शाब्बास गं बायांनो." कळा सोसून मोकळ्या झालेल्या बाईशी ती त्याच आवाजात बोलायची.

शेवटच्या स्लाइडमध्ये सगळा कळप पसरला होता आणि लांब कडेला एकटाच एक, कान फाटलेला. लेक म्हणाली, तो नवीन. नर मोठा झाला की बहुतेकदा आपला कळप सोडून परक्या कळपात जातो आणि तिथं सगळ्यांच्या खाली. खायला शेवटी, मार आधी.

"अहो," ही म्हणाली, "हे बघा, तुम्ही."

दोघी इतक्या हसल्या! मीही हसलो.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी ही गेली. झटका आला आणि संपलं. माझ्या हातून काही झालं नाही. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

लेक तोवर एडिनबऱ्यात राहायला आली होती. महिनाभरानं आली, स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं, तर आत नुसती बिस्किटं. दाराशी आईचे बूट, लखलखीत. मी दर रविवारी पुसत होतो.

"बाबा, माझ्याकडं चला."

"लेकीच्या घरी राहायला? तिच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये म्हणतात."

"कोण म्हणतं? आई म्हणाली असती?"

आमची ही म्हणाली असती, पिशवी घ्या आणि निघा. पण पाय उचलत नव्हता. तिच्या मागनं या देशात आलो, आता कुणाच्या मागनं जायचं? बोलायचं म्हणून मी विचारलं, "तो कान फाटलेला, त्याचं काय झालं?"

"आहे की! आता बऱ्याच नरांच्या वर आहे. माद्या जवळ बसू देतात."

"मारामारी करून?"

"नाही. जुने गेले, मेले, तसा तो वर सरकला. त्यानं काही नाही केलं, बाबा. तो फक्त गेला नाही."

दुसऱ्या आठवड्यात मी भाताचं पातेलं आणि हिचे बूट बॅगेत घातले आणि एडिनबऱ्याच्या ट्रेनमध्ये बसलो.

पहिल्या संध्याकाळी लेक कामावरून यायच्या आत भात लावला. परक्या शेगडीचा अंदाज येईना. तिनं पाहुण्यासारखं माझं ताट आधी वाढलं. मी ते तिच्यापुढं सरकवलं.

"बाबा, तुम्ही आधी."

"कामावरून कोण आलंय? जेव."

तिनं एक घास घेतला. चावून बघितला, अगदी आईसारखा.

"भात कच्चा राहिलाय, बाबा."

"उद्या नीट होईल," मी म्हणालो.