उधाणबाईंचा अंगठा

आमच्या उधाणबाई मुलाखत खाडीत घेत. विद्यापीठाच्या पर्यावरणशास्त्र संस्थेचं रेवदंड्याच्या खाडीकाठी दोन खोल्यांचं एक केंद्र होतं आणि तिथे संशोधनासाठी विद्यार्थी निवडायचं काम बाईंचं. फलकावर त्या एवढंच लिहीत : ‘इच्छुकांनी अमावास्येच्या ओहोटीला यावे.’ शहरातली मुलं इस्त्रीचे कपडे घालून, फायली कवटाळून भर दुपारी उगवत. तोवर भरतीचं पाणी बांधाला लागलेलं असे. ‘मुलाखत पाण्याखाली गेली,’ बाई सांगत. ‘आता पौर्णिमेला या. समुद्राला घड्याळ कळत नाही, तुम्हाला तरी तिथी कळू दे.’

उधाणबाई हे नाव आम्ही ठेवलेलं. त्यांचा राग मात्र तिथी बघत नसे, कधीही चढायचा. ओसरला की ज्याच्यावर ओरडल्या त्यालाच आपला डबा द्यायच्या. त्यात बहुधा सोड्यांची खिचडी असे. आमच्यातले काही आगाऊ तर खिचडीसाठी मुद्दाम चुका करायचे.

मी तिथल्याच कोळीवाड्यातली. आई खाडीत कालवं काढून विकायची. मुलाखतीला मी शहाण्यासारखी नवी सँडल घालून गेले. बाई गुडघाभर चिखलात उभ्या होत्या. ‘उतर,’ म्हणाल्या. उतरले, मांडीपर्यंत रुतले, आणि लहानपणापासूनच्या सवयीने आडवी होऊन पाय सोडवून घेतला. ‘ही पास,’ बाई बाकीच्यांना म्हणाल्या. सँडल आजही त्या खाडीतच असेल.

दुसऱ्या दिवशी आई तणतणत केंद्रावर आली. ‘बाय, पोरीला चिखलाचे भायेर काराला शिकवली, आन तुमी परत चिखलानच घालताव?’

बाईंनी तिला आधी बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाल्या, ‘ताई, तुम्ही या चिखलातून कालवं काढता. ही याच चिखलातून डॉक्टर होऊन निघेल. माझा शब्द.’

खाडीच्या वरच्या अंगाला कारखाने वाढत होते. आई विकते ती कालवं खाण्याजोगी राहिली आहेत का, हाच माझा विषय ठरला. ओहोटी लागली की आम्ही खडकांवरची कालवं सोडवायचो. त्यांच्या शिंपल्यांच्या कडा पात्यासारख्या असतात. बोटांची कातडी सोलून निघायची, पण त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

मग हजेरीचं यंत्र आलं. शहरात बसलेल्या संचालकांनी धाडलं होतं. मी अंगठा टेकवला की आतून एक गोड आवाज यायचा, ‘कृपया पुन्हा प्रयत्न करा.’ आईचं रेशनच्या दुकानात हेच रडगाणं होतं, तिचाही अंगठा लागत नसे. बाईंचीही तीच गत. ‘एवढी शिकले ती शेवटी अंगठाबहाद्दर व्हायला,’ त्या म्हणायच्या, ‘आणि तोही अंगठा नापास!’ गंमत म्हणजे आठवडाभर खाडीत गेलं नाही, की कातडी भरून यायची आणि यंत्र ओळख द्यायचं. म्हणजे काम केलं की गैरहजर, नाही केलं की हजर. अजून आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

यंत्राच्या हिशेबाने मी सारखी गैरहजर. संस्थेने कळवलं, ही विद्यार्थिनी येतच नाही, तिची नोंदणी रद्द करण्यात येत आहे. माझं निम्मं संशोधन झालं होतं. आता मीही टोपली घेऊन आईच्या मागे जायचं, एवढंच उरलं होतं.

बाईंनी मला बरोबर घेतलं आणि थेट संचालकांचं दालन गाठलं. हातात नेहमीचा डबा. संचालकांना खिचडीची ख्याती माहीत असावी, त्यांनी हसून हात पुढे केला. बाईंनी झाकण काढलं. आत खाडीचा ओला चिखल! त्यात पंजा बुडवून त्यांनी समोरच्या पांढऱ्या भिंतीवर थाडकन मारला.

‘ही घ्या हजेरी. पाचही बोटं उठलीत.’

‘मॅडम, नियम सगळ्यांना सारखा असतो.’

‘सारखा कसा? खुर्चीत बसून तुमची बोटं शाबूत राहिलीत. आमची झिजतात. हिची जागा जाणार असेल, तर आधी माझी काढा.’

चिखलात उतरायला दुसरं कुणी तयार नव्हतं, त्यामुळे बाईंना काढणं संस्थेला परवडण्यासारखं नव्हतं. माझ्या एकटीची हजेरी सहीवर धरली गेली, बाकीच्यांची यंत्रावरच राहिली, आणि मी डॉक्टर झाले. प्रबंध हातात घेऊन आईने एकच विचारलं, ‘कालवा खावाची का न्हाय?’ मी सांगितलं, खाडीच्या मुखाकडची खा, वरच्या अंगाची, कारखान्यांकडची नको. त्या दिवसापासून तिने वरच्या अंगाला पाऊल टाकलं नाही, आणि वाड्यातल्या बायकांनाही टाकू दिलं नाही.

बाई निवृत्त झाल्या आणि केंद्राला कुलूप लागलं. कारण? ‘उपस्थिती अपुरी.’ बोटं झिजेपर्यंत राबलेली मुलं संस्थेच्या लेखी कधी आलीच नव्हती! आता संस्थेत खाडीचा अभ्यास थंडगार खोलीत, पडद्यावर होतो. शेवटी प्रमाणपत्र मिळतं. आमच्या किनाऱ्यावरच्या पोरांनी आपल्याच दारातली खाडी बघायला शहरात जायचं. लाज कशी वाटत नाही यांना?

निवृत्तीनंतरही यंत्राने बाईंचा पिच्छा सोडला नाही. पेन्शनसाठी दरवर्षी हयातीचा दाखला लागतो, आणि तोही अंगठ्यावर. बँकेतून त्यांचा फोन आला. ‘अगं, मी वारले म्हणे! समोर उभी राहून भांडतेय, तरी यांना पटत नाही.’ त्या हसत होत्या. मला मात्र हसू येईना. जिने एवढ्या पोरांचं आयुष्य उभं केलं, तिने आपण जिवंत आहोत हे खिडकीपुढे उभं राहून सिद्ध करायचं?

गेल्या वर्षी बाई खरोखरच गेल्या.

मी आता अलिबागजवळच्या एका कॉलेजात शिकवते. फलकावर बाईंचीच ओळ लिहिते आणि अमावास्येला, तांबडं फुटायच्या आत, मुलांना घेऊन खाडीत उतरते. परत आल्यावर कॉलेजच्या दारातल्या यंत्रावर सोललेला अंगठा टेकवते. तोच गोड आवाज येतो, ‘कृपया पुन्हा प्रयत्न करा.’

‘करतेय, बाई,’ मी म्हणते.