सुटलेला विसावा

नांदेडहून आमच्या गावाला जायचं तर आधी मोठा राज्यमार्ग, मग कंधारच्या अलीकडे जिल्हा मार्गाचा फाटा, मग पुन्हा दुसरा राज्यमार्ग आणि त्याच्या पोटाखालून निघणारा गावचा रस्ता. मी शाळेत भूगोल शिकवते. जाड रेघ, बारीक रेघ, तुटक रेघ असं पोरांना नकाशावर दाखवत असते. पण दर रविवारी स्कूटरवर बसले की नकाशा कशाला लागतो? कुठला खड्डा कुठल्या खात्याचा, हेही मी सांगू शकते.

गावाजवळचा राज्यमार्ग रुंद झाला तेव्हा जुन्या रस्त्याचं एक वळण सरळ करून टाकलं. नवा रस्ता घराच्या छपराइतक्या उंच भरावावरून निघून गेला आणि जुनं वळण खाली तसंच पडून राहिलं. त्यावर अजून डांबर आहे. कडेच्या लिंबांना गेरूचे आणि चुन्याचे पट्टे आहेत. एक किलोमीटरचा दगडही आहे, तो कुणीही जात नसलेल्या रस्त्यावरून कंधार किती लांब ते सांगत असतो. मला तो दगड कधीच आवडला नाही. वरून गाड्या धडधडत जातात, पण खाली उतरलं की कानांत दडे बसल्यासारखं होतं.

रस्त्यानं गावाचं शेत एकीकडे आणि घरं एकीकडे केली. स्मशानही पलीकडे गेलं. जायला एक बोगदा ठेवलाय, त्यात पावसाळाभर पाणी. माझी आई त्या बोगद्याला शिव्या घालायची. पडून तिच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं होतं, तेव्हापासून ती पाय ओढत चालायची. शेतात जायला तिला एवढा वळसा पडायचा. म्हणून ती सरळ जुन्या वळणावरून जायची, भराव चढायची आणि गाड्यांना हात करत रस्ता ओलांडायची. आम्ही ओरडलो की म्हणायची, "वाट आधी माझी व्हती."

ती भादव्यात गेली. तापाचं निमित्त झालं.

आमच्याकडे बायका मयतीबरोबर वेशीपर्यंतच जातात, त्यामुळे पुढचं मला दादानं सांगितलं. स्मशानाच्या अर्ध्या वाटेवर विसावा असतो. तिथं तिरडी खाली टेकवतात, पुढचे खांदेकरी मागे आणि मागचे पुढे होतात, तिरडी फिरवतात आणि मग उचलतात. तोवर माणसाचं तोंड घराकडे असतं, असं म्हणतात. विसाव्याला ते वळतं आणि घर सुटतं. आमच्या गावाचा विसावा जुन्या वळणावरच्या चिंचेखाली होता. चिंच वाचली, पण तिच्याखालचा विसाव्याचा ओटा भरावात गाडला गेला. तेव्हापासून लोक बोगद्याच्या तोंडाशी तिरडी टेकवू लागले. त्या दिवशी बोगद्यात मांडीएवढं पाणी होतं. म्हणून आईला घेऊन सगळे भराव चढले. वर गाड्यांची रांग. मधल्या दुभाजकाशी खांदेकरी घोटाळले, तेव्हा बाबा म्हणाले, "थांबू नका, चला." आणि आईला विसावा न देताच पलीकडे नेलं.

तेराव्यापर्यंत कुणी काही बोललं नाही. मग आत्यानं तोंड उघडलं. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, गल्लीतच राहते. "तिला फिरवलीच न्हाई," ती म्हणाली. "वाट पाठ हाय तिला. येनार ती."

मला राग आला. म्हटलं, "आत्या, जिवंतपणी तुझं तिच्याशी एक दिवस पटलं नाही. आता कशाला तिची एवढी काळजी?"

आत्या गप्प बसली, गाव बसलं नाही. शेळ्या राखणाऱ्या एका बाईनं सांगितलं की भर दुपारी जुन्या रस्त्यावरून कुणीतरी पाय ओढत जाताना तिनं पाहिलं, हाक मारली तर वळून बघितलं नाही. शेळ्या त्या वळणावर चरेनात. मी हसण्यावारी नेलं. पण त्यानंतरच्या रविवारी मी बोगद्यातल्या उरल्यासुरल्या पाण्यातूनच गेले, जुन्या रस्त्यानं नाही, हे खरं.

घरात मयत झालेली, म्हणून त्या साली येळवस, म्हणजे वेळा अमावस्येची शेतातली पूजा, केली नाही. अख्खा गाव आंबिलीची मडकी घेऊन शेतात गेला आणि आम्ही घरी बसलो. त्यानंतर थोड्याच दिवसांनी वहिनीचा फोन आला. ती रडत होती. "ताई, बाबा रोज बारा वाजले की जातेत. भराव चढून वर रस्त्यावर जाऊन राहिलेत. ह्यांचं ऐकत न्हाईत. एखाद्या दिवशी गाडीखाली येतील बघा."

रविवारी पोहोचले तेव्हा बाबा घरात नव्हते. मी स्कूटर दारातच सोडली आणि चालत जुन्या वळणावर गेले. ऊन डोक्यावर होतं. लिंबांच्या सावल्या बुंध्यापाशी गोळा झालेल्या. डांबरावर बोटभर धूळ साचली होती आणि त्या धुळीत पावलं होती. उजवं पाऊल नीट उमटलेलं. डावीकडे पाऊल नव्हतं, नुसती रेघ होती. उजवं पाऊल, रेघ, उजवं पाऊल, रेघ. सगळी भरावाकडून घराकडे येणारी.

ती चाल मी लहानपणापासून नाही, पण गेली कितीतरी वर्षं दर रविवारी पाहिली होती. परत फिरावं असं वाटलं. पण बाबा पुढे होते, म्हणून मी रेघेच्या कडेकडेनं चालत राहिले. रेघेवर पाय द्यायचा धीर झाला नाही.

बाबा किलोमीटरच्या दगडावर बसले होते, पाठमोरे. माझी चाहूल लागली तसे ताठ झाले, पण वळले नाहीत.

"आलीस?" ते म्हणाले. असल्या आवाजात ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते.

"बाबा, मी आहे."

ते वळले. त्यांचा चेहरा उतरला, तो मी पाहिला. माझ्या येण्यानं बाबांचा चेहरा उतरला, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. मग मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. पायात आईच्या चपला होत्या. टाचा बाहेर आलेल्या, अंगठ्याला भेग पडलेली.

"हे काय करून राहिलात तुम्ही?"

"वाट मोडून चालली, माय," बाबा म्हणाले. "कोनी चाललं न्हाई की गवत येतं. तिला पाय उचलता येत न्हाई. गवतात अडकंल की ती. म्हनून पलीकडून येशीपर्यंत रोज एकदा चालून देतो, मग कडंकडंनं परत येऊन इथं बसतो. तिच्यासारखंच. म्हंजी तिला कळंल."

मी त्यांच्यापाशी धुळीतच बसले. मला रडू येत होतं आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटत होतं. म्हटलं, "बाबा, त्या दिवशी गाड्या होत्या. विसावा राहिला, त्यात तुमची काही चूक नाही."

"गाड्या थांबल्या असत्या. मयतीला कोन थांबत न्हाई? ते खाली टेकवायलेच व्हते. मीच म्हनलो, चला." ते चपलांकडे बघत राहिले. "फिरवली असती तर गेली असती ना ती."

वरून एक कंटेनर गेला. जमीन हलली, पण आवाज खाली आलाच नाही असं वाटलं.

संध्याकाळी मी आत्याकडे गेले. तिला काय करायचं होतं ते तिनं सांगितलं. आईच्या चपला आणि लुगडं अवसेला चिंचेखाली ठेवायचं, विसावा द्यायचा, फिरवायचं आणि पलीकडे नेऊन जाळायचं. मी भूगोल शिकवणारी बाई, मी हो म्हणाले. बाबा गाडीखाली जाऊ नयेत, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी मी काहीही केलं असतं. बाबांना समजावायला फार वेळ लागला. अखेर ते तयार झाले, पण एका अटीवर. फिरवायचं त्यांनी, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आणि मी त्यांच्याकडून शब्द घेतला की पुन्हा भराव चढायचा नाही.

अवसेला दुपारी आम्ही चिंचेखाली उभे होतो. बाबा, दादा, आत्या आणि मी. वहिनी घरी थांबली होती. लुगड्याच्या घडीवर चपला ठेवल्या, तोंडं घराकडे. आत्यानं पाणी शिंपडलं, तांदूळ टाकले आणि म्हणाली, "फिरव आता."

बाबा वाकले. त्यांनी चपला उचलून स्मशानाकडे तोंड करून ठेवल्या. थोडा वेळ हात त्यांच्यावरच राहिला. मग लुगडं गुंडाळायच्या मिषानं त्यांनी त्या पुन्हा फिरवल्या, घराकडे. मी पाहिलं. दादा भरावाकडे बघत होता. आत्या अगदी समोर उभी होती. ती बाबांकडे बघत राहिली, मग तिनं पदर डोक्यावर ओढला आणि म्हणाली, "झालं. उचला."

दादानं गाठोडं पलीकडे नेलं आणि जाळलं. बोगदा तोवर कोरडा पडला होता. परतताना मागे बघायचं नसतं. बाबांनी बघितलं.

बाबांनी शब्द पाळला. आता तर त्यांचे गुडघेच गेलेत. ओसरीच्या पुढे जायचं म्हटलं तरी त्यांना कुणाचा तरी हात लागतो. दुपारी ते दाराकडे तोंड करून झोपतात. गावात कुणी काही बोलत नाही. आत्याही नाही.

मी मात्र आता बोगद्यातून जात नाही. भरावाच्या कडेनं एक मुरमाचा उतार आहे, त्यावरून स्कूटर जुन्या वळणावर उतरवते. गवत येऊ नये म्हणून, असं मी स्वतःला सांगते. गेल्या रविवारी उतरले तर धुळीत उजवं पाऊल होतं आणि डावीकडे रेघ. थेट चिंचेपासून गावाच्या वेशीपर्यंत. मी स्कूटर बंद केली आणि रेघेवर चाक जाऊ नये म्हणून कडेकडेनं ढकलत घरी नेली.