दिवेलागणीला सांगितलेला भूगोल

भिजत घातलेल्या सरकीचा वास मला आजही आधी येतो, आणि मग ती वर्षे आठवतात. आंबूस, तेलकट, गाईच्या श्वासासारखा कोमट वास. गोठ्यातल्या डोणीत सरकी फुगत असे, आणि वास ओसरीवरून माजघरात, माजघरातून माझ्या लुगड्याच्या पदरात येऊन बसत असे. माझे मालक तापाने गेले त्या आठवड्यातही तो तसाच येत होता. त्यानंतर मात्र मला बाकीचे वास येईनासे झाले. फोडणी करपली तरी कळत नसे. मिठाचा खडा जिभेवर ठेवला तर त्याची धार लागे, खारटपणा लागत नसे.

"एकडाव रडून घे ना वं बाई," माझ्या जाऊबाई म्हणत. "लोकं म्हणतात, इले काई दुःखच नाही."

मला रडायचे होते. पण जसा कापूस गाठीत तुडवून तुडवून भरतात, तसे आत काहीतरी गच्च भरलेले होते, आणि त्यातून आवाज बाहेर येत नव्हता.

अमरावती तेव्हा कापसाने भरली होती. समुद्रापलीकडे कुठल्याशा देशात लढाई लागली होती, म्हणून आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, एवढे आम्हा बायकांनाही ठाऊक होते. तिवस्याच्या, चांदूर बाजारच्या, पार तेल्हाऱ्याकडच्या बैलबंड्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभ्या असत. राहत्या खोल्या मोकळ्या करून लोकांनी त्यांत कापूस भरला होता आणि माणसे ओसरीत निजत होती. हवेत सतत तंतू तरंगत. दुधावर साय धरावी तसे ते पाण्याच्या घागरीवर धरत. सकाळी पाणी गाळताना फडक्यावर एक पांढरा, ओला पापुद्रा उरे. तो मी बोटाने गोळा करून टाकी, आणि बोटाला काही लागल्यासारखे वाटत नसे.

घर चालवीत ते भासरे, म्हणजे मालकांचे थोरले भाऊ. काळ्या रानाची शेती होती, आणि त्या दिवसांत कापसाचा व्यापारही. धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्यांसमोर येऊ नये, त्यांच्याशी बोलू नये, अशी आमच्या घरची रीत. ते आत येण्यापूर्वी दारात खाकरत. मी कवाडाआड होई. मला काही सांगायचे असले तर ते मी जाऊबाईंना सांगे आणि त्या मोठ्याने पुन्हा उच्चारत, मग माझा शब्द भासऱ्यांनी आधीच स्पष्ट ऐकलेला का असेना. जाऊबाई घरात नसल्या तर मी ओसरीच्या मधल्या खांबाला सांगे. "खांबा, पाहुण्यांचं जेवण तयार आहे." खांब उत्तर देत नसे, पण भासरे उठून हात धुवायला जात. इतक्या वर्षांत त्यांनी मला उद्देशून एक शब्दही उच्चारला नव्हता. त्यात राग नव्हता. ती मानाची जागा होती.

माझ्या मुलाची पंतोजींच्या शाळेत धुळपाटीवर अक्षरे गिरवून झाली होती. मग पंतोजीच एका व्यापाऱ्याकडे गाठी मोजायच्या कामावर गेले, कारण त्या वर्षी अक्षरांपेक्षा गाठींना मागणी होती. मुलगा दिवसभर कापसाच्या ढिगावर लोळे आणि खोके. भासरे त्याला बंड्यांबरोबर धाडण्याच्या विचारात होते. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पोराने आपला धंदा पाहावा, असेच कोणताही चुलता म्हणेल.

माझ्या माहेरी, चांदूर बाजारच्या बाजूला, वडील चातुर्मासात पोथी वाचत. दिव्यात तेल घालायला म्हणून मी त्यांच्याजवळ बसे, आणि तेल घालता घालता मला अक्षर आले, ओवीचा झोका आला, आर्येचे वळण आले. मुलालाही अक्षराच्या पुढचे काही मिळावे, असे माझ्या मनात होते. इच्छा म्हणावी इतकी ऊब त्यात नव्हती. पण बधिर बोटांनाही हातातली वस्तू निसटते आहे एवढे कळते, तसे ते मला कळत होते.

त्याच सुमारास गावात सरकारी शाळा वाढवून वरचे वर्ग निघाले, आणि त्यांच्यासाठी अकोल्याहून नवे मास्तर आले. मूळचे पुण्याकडचे. शाळेसाठी घेतलेल्या जागेतही कुणाचा तरी कापूस येऊन पडला होता, तेव्हा पालकांना गोळा करून शिक्षणक्रम समजावायला त्यांना जागाच नव्हती. आमची ओसरी लांबरुंद. भासऱ्यांनी ती देऊ केली. "आयकून घेऊ, काय शिकवतेत ते," एवढेच ते म्हणाले.

बंड्या सुटल्यावर, उन्हे कलताना माणसे जमली. काही शेतकरी, दोन-तीन व्यापारी, आणि गावाबाहेर भाजीचा मळा असलेले एक म्हातारे माळी. जाऊबाई आणि मी माजघराच्या दाराआड सुपात सरकी निवडत बसलो.

"मंडळी," मास्तर म्हणाले, "मुलाला शाळेत काय शिकवतात हे घरच्यांना ठाऊक असावं, म्हणून मी आलो आहे. पहिल्यानं वाचन आणि लेखन. बाळबोधही आणि मोडीही."

"आन् गुर्जी," माळीबुवांनी लगेच विचारले, "वांगे तोडाच्या वक्ताले पोरगं शाळेत रायलं, त् वांगे मी काय मोडीत तोडू?"

ओसरी हसली. मास्तरही हसले. "वेचणी-तोडणीच्या दिवसांत शाळा सकाळचीच ठेवू. दुपारी मूल तुमचं."

पुढे हिशेब आला. पावकी, निमकी, पाऊणकी पाठ, त्यापुढे त्रैराशिक, इतक्या मणांना इतके, तर तितक्या मणांना किती.

"थे त् आमाले झोपीतबी येते," एक व्यापारी म्हणाला.

"तुम्हाला झोपेत येतं, मुलाला जागेपणी येऊ द्या."

इंग्रजीचे नाव निघाले तेव्हा मात्र कुजबुज झाली. "पोरगं बाटणार त् नाही ना, मास्तर?"

"आमच्या शाळेत खुर्ची एकच, तिचाही एक पाय मोडका. मुलं सतरंजीवर बसतात. बाटायला सोयच नाही."

मास्तरांचा आवाज खर्जातला होता आणि शब्दाच्या शेवटी किंचित थांबे. ते विषयामागून विषय सांगत गेले. राजवटींचा इतिहास, भूमिती, म्हणजे रेघांवरून जमिनीचे माप काढण्याचे शास्त्र, मग कविता. "कविता पाठ करायची, आणि तिचा अर्थही सांगायचा," ते म्हणाले.

"अर्थ कायले?" कुणीतरी म्हटले. "तोंडात देवाचं नाव आलं का झालं."

तेव्हा मास्तरांनी एक आर्या चालीवर म्हणून दाखवली. नंतर तीच सावकाश, शब्द सुटे करून, कोणता शब्द कोणाचा हात धरून उभा आहे ते दाखवीत. मी ऐकत होते. माझ्या मनात काही उमटले असे मी म्हणणार नाही. पण सुपाच्या कडेवर माझी बोटे हलत होती, अंगठा पेरांवरून पुढे सरकत होता, लघू, गुरू, लघू, गुरू. जाऊबाईंनी ते पाहिले.

"काय मोजून राहिली वं?"

"काही नाही."

"एक शेवटचं," बाहेर मास्तर म्हणत होते. "रोज संध्याकाळी मुलाला घरी मोठ्यानं वाचू द्या. घरात कुणाला अक्षर येत नसलं तरी अडत नाही. ऐकणारं माणूस मात्र पाहिजे."

ऐकणारे माणूस. मी सुपातली सरकी हलवली. एवढे मला करता आले असते.

मग त्यांनी भूगोल सांगायला घेतला आणि कापडावर चिकटवलेला नकाशा उलगडला. तो अडकवायला त्यांना मधल्या खांबाचीच खुंटी सापडली, ज्या खांबाशी मी बोलत असे त्याची. माणसे उठून जवळ गेली. तिवसा कोठे आहे, तेल्हारा कोठे आहे, याची झुंबड झाली. मास्तरांनी एका जागी करंगळी टेकवली आणि म्हणाले, सगळे वऱ्हाड या नखाखाली आहे.

"बापा! इतका कापूस, आन् जागा एवढूशी!" माळीबुवा म्हणाले.

भासरे आतापर्यंत भिंतीला टेकून बसले होते. ते उठले. त्यांच्या पावलांचा आवाज मी ओळखत असे. तो नकाशाशी जाऊन थांबला.

"आपला कापूस कुठून कुठं जाते, दाखवा."

मास्तरांनी दाखवले. अमरावती, अकोला, मग मुंबई; तिथून जहाज; पाणी, पाणी, पाणी; आणि विलायत, जिथे कापडाचे कारखाने आहेत.

"आन् थे लढाई?"

"इथे. अमेरिकेत. विलायतेला पूर्वी कापूस इथून जात असे. लढाईमुळे तो बंद पडला, म्हणून आपल्याला भाव आला."

भासरे नकाशाशीच उभे राहिले. ते मन लावून पाहत असावेत. आत अंधारून आले होते, म्हणून जाऊबाई दिवा घेऊन उठल्या. मला वाटले, आता ते पोराला शाळेत घालतील.

"मंग लढाई सरली म्हणजे?" भासऱ्यांनी विचारले.

जाऊबाईंनी ओसरीच्या कोनाड्यात दिवा ठेवला. रीतीप्रमाणे सगळ्यांनी हात जोडले आणि क्षणभर ओसरी गप्प झाली. मास्तर नकाशाकडे तोंड करून उभे होते. त्यांना ते दिसले नाही. एखादा हुशार विद्यार्थी सापडल्यासारख्या आनंदाने ते त्या शांततेत म्हणाले, "मग तिथला कापूस पुन्हा निघेल, आणि आपला भाव पडेल."

दिवा लावताना घराची वास्तू तथास्तु म्हणते, असे आम्ही मानतो. त्या वेळी अभद्र बोलू नये, नाही म्हणू नये, संपले म्हणू नये. तेल संपले तर 'वाढले' म्हणावे. आणि इथे कापसाने भरलेल्या घरात, दिव्यासमोर, भाव पडेल असे एक शिकलेला माणूस बोलून गेला होता. पुढे तसे झालेही, पण ते पुढे.

"गुर्जी, जीभ चावा!" व्यापारी ओरडला.

"दिव्याच्या वक्ताले असं बोलतेत काय?"

"मी फक्त भूगोल सांगितला," मास्तर गोंधळून म्हणाले. त्यांना खरोखरच कळले नव्हते.

माणसे भराभर उठली. भासऱ्यांनी मास्तरांना सुपारी दिली, दारापर्यंत पोचवले, नकाशा स्वतः गुंडाळून त्यांच्या हाती दिला. आदरात काही उणे ठेवले नाही. परत येऊन ते ओसरीवर बसले आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आपलं पोरगं त्या शाळेत जाणार नाही. पोळा झाला का थे बंडीवर जाईन."

जाऊबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. मुलगा गोठ्याकडे होता. त्याच्या खोकण्याचा आवाज येत होता. मी सूप खाली ठेवले. मला राग आला नव्हता. माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा असावा तसा, सपाट, ऐकू आला.

"जाऊबाई, एक विचाराचं होतं. याईले ताप होता तवा याच कोनाड्यात दिवा लावून आपण सारे म्हणत होतो, उतरीन ताप, बरं वाटन. रोज म्हणत होतो. तुमी म्हटलं, मी म्हटलं, भासऱ्याईनंबी म्हटलं. वास्तूनं तवा तथास्तु नाही म्हटलं. मंग तिले वाईटच तेवढं आयकू येते का?"

रीतीप्रमाणे जाऊबाईंनी हे पुन्हा उच्चारायला हवे होते. त्यांनी तोंड उघडले आणि पदर तोंडाला लावला. त्यांच्याने ते झाले नाही. माझे शब्द कुणी उचलले नाहीत. ते दाराच्या उंबऱ्यावर जसेच्या तसे पडून राहिले, आणि पलीकडे भासरे होते. माझे मालक लहानपणी त्यांच्या पाठीवर बसून तिवस्याच्या जत्रेला गेलेले, असे सासूबाई हयात असताना सांगत. दिव्याची वात कुणीतरी पुढे सारली, एवढे भिंतीवरच्या उजेडावरून कळले. त्या संध्याकाळी ते जेवायला आत आले नाहीत, आणि जाऊबाईंनी त्यांचे ताट बाहेर नेऊन दिले.

सकाळी मी नेहमीसारखी पाणी गाळत होते. फडक्यावर तंतूंचा पापुद्रा धरला होता. अंगणात बंड्या जुंपल्या जात होत्या, बैलांच्या गळ्यातल्या घागऱ्या वाजत होत्या, आणि सरकीचा वास येत होता. भासरे दारात खाकरले. मी कवाडाआड झाले. जाऊबाई चुलीपाशी होत्या. भासरे आपल्याकडे वळून काही सांगतील म्हणून त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला.

ते त्यांच्याकडे वळले नाहीत. खांबाकडेही नाही. कवाडाच्या फटीतून मला त्यांची पावले दिसत होती, कापसाच्या पऱ्हाटीच्या धुळीने राखाडी झालेली, आणि त्यांची बोटे माझ्या बाजूला होती. पावले थोडी हलली, पुन्हा थांबली.

"पोराले शाळेत पाठव."