विम्याच्या साहेबासाठी धुतलेली गाडी

रोही, म्हणजे नीलगाईचा नर, आडवा आला आणि माझी गाडी सेनगावच्या रस्त्यावरच्या पुलाखाली गेली. मला नुसतं खरचटलं. गाडी मात्र ट्रॅक्टरनं ओढून गोरेगावला घरी आणावी लागली. गॅरेजवाल्यानं खाली वाकून पाहिलं, सांगाडाच वाकलाय म्हणाला, भंगारात द्या. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला हिंगोलीला न्यायचं, त्यासाठीच मी ती गाडी घेतली होती. आता आई जीपमध्ये चौदा माणसांत कोंबून जायची आणि येताना तिला उलट्या व्हायच्या. विम्याची पूर्ण रक्कम मिळाली तरच दुसरी गाडी येणार होती. दुरुस्तीपुरते पैसे मिळाले तर आईची जीप काही सुटत नव्हती.

विम्याचा सर्व्हेअर येणार त्या दिवशी मी शाळेतून अर्धी रजा टाकून आले आणि दारातच थबकले. माझ्या काकांनी जन्मभर बैलबाजारात दलाली केली. बैल बाजाराला न्यायचा तर धुऊन, शिंगं रंगवून, झूल घालूनच न्यायचा, हा त्यांचा धर्म. गाडीही त्यांनी तशीच तयार केली होती. चेपलेला पत्रा आतून ठोकून सरळ केलेला, वरून रंगाचा हात, टायरांना गोडं तेल. फुटलेल्या दिव्यावर झेंडूचा हार. काकांच्या तोंडावर असा आनंद की मला ओरडताही येईना.

विम्याचा साहेब आला, त्यानं गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि ही दुरुस्त होईल म्हणाला. मी सांगत होते की गाडी कामातून गेली, काका सांगत होते की असा माल जिल्ह्यात सापडायचा नाही. शेवटी त्यांनी मला बाजूला घेऊन दटावलं, "गिऱ्हाइकासमोर आपल्याच मालाला नावं ठेवतेत व्हय?"

हा गिऱ्हाईक नाही, असं मी तीनदा सांगितलं. मग हा पैसे काहून देऊन राहिला, असं त्यांनी विचारलं.

साहेबानं दुरुस्तीचा आकडा लिहायला पेन काढलं.

तेवढ्यात आई दवाखान्याची पिशवी घेऊन बाहेर आली. मंगळवार-शुक्रवार तिचे डायलिसिसच्या मशीनचे वार, आणि तो मंगळवार होता. ती सरळ गाडीत मागे जाऊन बसली आणि तिनं दार ओढून घेतलं.

"साहेब, गाडी चांगली हाय म्हून राहिले ना तुमी? मंग चालवा. मला हिंगोलीला सोडा."

मी उतरवायला धावले, पण ती हलेना. साहेबानं हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला, तोही फुकट गेला. शेवटी तो बसला, चावी फिरवली, आणि गाडी चक्क सुरू झाली. काकांनी माझ्याकडे ऐटीत पाहिलं. साहेबानं स्टिअरिंग उजवीकडे वळवलं, गाडी डावीकडे निघाली, आणि बैलगाडीच्या चालीनं जाऊन उकिरड्यात रुतली. पुढचं एक चाक वाटेतच आडवं पडलं होतं.

साहेबानं शेणातून बूट बाहेर काढले आणि गाडी पूर्ण गेली, पूर्ण रक्कम द्यावी, असं लिहिलं. तोवर जीप निघून गेली होती, म्हणून त्यानंच आम्हाला आपल्या गाडीतून हिंगोलीला नेलं. पैसे यायला दोनेक महिने लागतील म्हणाला. मला फार हलकं वाटत होतं. आई मागच्या सीटवर पाय पसरून बसली होती.

दवाखान्यासमोर उतरल्यावर ती खिडकीशी वाकली. "साहेब, शुक्रवारी बी येता का?"

साहेब हसला. आई उत्तराची वाट बघत तशीच उभी राहिली.